ढालवाली आई

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. ज्यांच्या घरी जेवायला हाक मारली की वरच्या खोलीतून "आई, पॉज होत नाही!" असं उत्तर येतं, त्यांच्यासाठी खास लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल.

आधी पार्श्वभूमी. आम्ही अकरा वर्षं दुबईत होतो. लेक तिथेच वाढला. नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये इंग्लंडला आलो, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. लहान मुलं रुळतात पटकन, असं सगळे म्हणाले. चौदा वर्षांचा मुलगा लहान नसतो, हे कोणी म्हणालं नाही. शाळा कशी गेली? "फाइन." जेवलास का? "हो." कोणी मित्र झाला का? "आहेत." बस. दार बंद.

मागच्या ऑक्टोबरमध्ये त्याला सोळा पूर्ण झाली. त्याला 'एल्डन रिंग' नावाचा गेम हवा होता. डब्यावर सोळाचा शिक्का आहे, म्हणून तोवर आम्ही अडवून धरला होता. घेऊन दिला. तुम्ही म्हणाल, जीसीएसईच्या वर्षात गेम? हो, मलाही बहिणीने फोनवर हेच सुनावलं. पण शब्द दिला होता.

मग ती 'पॉज होत नाही'ची भानगड सुरू झाली. मला वाटायचं पोरगं थापा मारतंय. तीन हाका मारायच्या, चौथीला चिडायचं, हा आमचा रोजचा कार्यक्रम. एका बुधवारी भाकरी गार होत होती. मी तरातरा वर गेले आणि टीव्हीच्या समोर उभी राहिले. "आत्ताच्या आत्ता खाली."

माझ्या पाठीमागे काहीतरी आवाज झाला. त्याने कंट्रोलर गादीवर ठेवला, उठला, खाली आला, जेवला, ताट धुवायला ठेवलं आणि वर गेला. एक शब्द नाही. आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. माझ्याशी भांडावंसं पण वाटत नाही याला, हे त्या दिवशी पहिल्यांदा लागलं.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "काल नक्की काय गेलं रे तुझं?"

त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं. मग सांगायला लागला. या खेळात शत्रूंना मारलं की 'रून्स' मिळतात. तेच पैसे आणि तीच बढती. मेलास की सगळे रून्स मेल्या जागी पडून राहतात. परत तिथवर चालत जायचं आणि उचलायचे. पण जाताना वाटेत पुन्हा मेलास तर गेले, कायमचे. तो त्या दिवशी आधीच एकदा मेला होता आणि आठवड्याभराचे रून्स उचलायला निघाला होता. दहा पावलं राहिली होती, तेव्हा मातोश्री टीव्हीसमोर प्रकट झाल्या.

आणि खरंच पॉज होत नाही. खेळ थांबवायचं साधं बटणच नाही त्यात.

मी म्हटलं, "सॉरी." तो म्हणाला, "इट्स फाइन. तू एकदा खेळून बघ, मग कळेल." त्याला वाटलं मी हसून सोडून देईन. मी म्हटलं, "शनिवारी?"

आता थोडी खेळाची माहिती देते, नाहीतर पुढचं समजणार नाही. 'एल्डन रिंग' जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने काढला, २५ फेब्रुवारी २०२२ ला आला. ॲक्शन रोल-प्लेइंग गेम म्हणतात याला. म्हणजे हाणामारी तुमच्या बोटांनी, पण तुमचं पात्र किती जोरदार हे तुम्ही त्याला कसं घडवता त्यावर. या घडणीला पोरं 'बिल्ड' म्हणतात. आठ गुण असतात आणि प्रत्येक बढतीला एकाच गुणात एक अंक वाढवता येतो. कुठे घालायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. आपलं बजेट असतं ना महिन्याचं, तसंच.

या आठ गुणांची आम्ही मराठी नावं पाडली. व्हिगर म्हणजे जीव. माइंड म्हणजे मन. एन्ड्युरन्स म्हणजे दम. स्ट्रेंग्थ म्हणजे जोर, डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई, इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी, फेथ म्हणजे श्रद्धा. आठवा गुण आर्केन, त्याला शब्द सापडेना. व्हिडिओ कॉलवर आजी होती, म्हणजे माझ्या सासूबाई. तिला समजावलं की काहीतरी गूढ, अंधारातलं, रक्ताबिक्ताचं. आजी म्हणाली, "मग करणी म्हणा की!" लेक इतका हसला की खोकला आला त्याला. त्या आवाजाची मला आठवणच राहिली नव्हती.

तर शनिवारी बसले. पहिलाच राक्षस तुम्हाला मारायलाच ठेवलेला असतो, तो मारतो. मग उघड्या मैदानात येता तर सोनेरी चिलखत घातलेला एक घोडेस्वार फिरत असतो. मी त्याला वाट विचारायला जावं तशी गेले. एका फटक्यात गार.

लेकाने प्रामाणिकपणे शिकवायचा प्रयत्न केला. या खेळातली मुख्य विद्या म्हणजे कोलांटी. समोरच्याचा वार येतो त्या अचूक क्षणी बटण दाबून लोळायचं, मग वार लागत नाही. अचूक म्हणजे डोळ्याचं पातं लवायच्या आत. माझं वय सेहेचाळीस. माझं पातं सावकाश लवतं. मी एकतर वार येण्याआधीच लोळायची, नाहीतर मेल्यावर.

मग त्याने त्याचे आवडते बिल्ड दाखवले. रक्त काढणारी 'रिव्हर्स ऑफ ब्लड' नावाची तलवार, 'कॉमेट अझूर' नावाचा जादूचा प्रचंड झोत, दोन हातांत दोन माणसाएवढ्या तलवारी घेऊन उड्या मारत हाणणं. दिसायला सगळं भारी. पण त्या सगळ्यांचा हिशोब एकच: समोरचा आपल्याला मारायच्या आत आपण त्याला मारायचं, आणि तो मारेल तेव्हा आपण तिथे नसायचं. मला 'तिथे नसणं' जमत नव्हतं. मी तिथेच असायची.

मी नोकरीत पेरोल बघते. दिवसभर आकडे. तिसऱ्या शनिवारी वैतागून मी खेळ सोडला आणि पात्राच्या सामानाचा पडदा उघडून आकडे वाचत बसले. मी 'व्हॅगाबॉन्ड' नावाचं पात्र घेतलं होतं, कारण त्याचं चिलखत बरं दिसत होतं. त्याच्याकडे सुरुवातीपासून एक साधी ढाल असते, 'हीटर शील्ड'. तिच्या आकड्यांत एका ठिकाणी १०० लिहिलं होतं.

"हे शंभर काय आहे?"

"फिजिकल गार्ड. म्हणजे तलवार, गदा वगैरेचा मार शंभर टक्के अडतो."

"म्हणजे ढाल धरली तर काहीच लागत नाही?"

"टेक्निकली नाही. पण आई, ढाल कोण वापरतं? दॅट्स सो बोरिंग."

"मला बोरिंगच पाहिजे," मी म्हटलं.

तर मंडळी, हा तो बिल्ड. ढाल आणि भाला. पोरं याला 'शील्ड पोक' म्हणतात आणि नाकं मुरडतात. बक्कळ चालतो, पण मिरवता येत नाही, म्हणून पोरं याच्या वाटेला जात नाहीत. तुमच्यापैकी कोणाला मुलाबरोबर बसायचं असेल आणि बोटं माझ्यासारखी असतील तर हा हिशोब उपयोगी पडेल, म्हणून नीट सांगते.

पहिली गोष्ट, हत्यार. साधी तलवार चालवायची तर ढाल खाली घ्यावी लागते. पण भाला किंवा टोचायची बारीक तलवार असेल तर ढाल वर धरलेली असतानाच तिच्या आडून टोचता येतं. सगळी गंमत या एका सवलतीत आहे. दुकानातला साधा भाला घेऊनही सुरुवात होते. पुढे 'क्रॉस-नागिनाता' नावाचा एक भाला मिळतो, त्याने टोचता टोचता रक्तस्राव साठत जातो आणि भरला की समोरच्याच्या जिवाचा मोठा लचका एकदम जातो. म्हणजे मोठ्या बॉसलाही हळूहळू पुरून उरता येतं. फक्त ज्यांच्या अंगात रक्तच नाही, दगडाचे किंवा हाडांचे, त्यांच्यावर ही मात्रा चालत नाही.

दुसरी गोष्ट, दम. हा या बिल्डचा प्राण. ढालीवर वार झेलला की जीव जात नाही, पण दम जातो. टोचलं तरी दम जातो. दम शून्यावर आला आणि वार आला की ढाल उघडते, तुम्ही हेलपाटता, आणि मग समोरचा काय करतो ते बघवत नाही. आणि हे कोणी सांगत नाही: ढाल वर धरून ठेवली की दम सावकाश भरतो. म्हणून दोन वारांच्या मध्ये क्षणभर ढाल खाली सोडायची, दम भरू द्यायचा, परत वर. नवशिके ढाल धरून ठेवतात, धरून ठेवतात आणि त्यातच मरतात. मीही.

तिसरी गोष्ट, अंक कुठे घालायचे. इथे माझा पेरोल कामाला आला. जीव ४० पर्यंत नेला की १४५० आयुष्य मिळतं. ६० पर्यंत नेला की १९००. आणि तिथून पार ९९ पर्यंत नेला तर फक्त २१००. म्हणजे वीस अंकांत साडेचारशे, आणि पुढच्या एकोणचाळीस अंकांत दोनशे. साठच्या पुढे जीवात गुंतवणूक म्हणजे शुद्ध तोटा. लेकाने हे कधी मोजलंच नव्हतं. त्याचा जीव वीसच्या आसपास होता आणि सगळे अंक हल्ल्यात. मी आधी जीव आणि दम वाढवले, मग ढाल-भाला पेलण्यापुरता जोर आणि चपळाई. हल्ल्याची ताकद सुरुवातीला अंकांपेक्षा हत्याराला लोहाराकडे नेण्याने जास्त वाढते. साधं हत्यार पंचवीस पायऱ्यांपर्यंत घडवता येतं. आणि ढालही घडवून घ्यायची. घडवलेली ढाल वार झेलताना दम कमी खाते.

चौथी गोष्ट, ओझं. जड ढाल, जड चिलखत घालायचा मोह होतो. पण एकूण ओझं क्षमतेच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवायचं, नाहीतर लोळताना पात्र पोत्यासारखं आदळतं. ढाल असली तरी कधी ना कधी लोळावं लागतंच, कारण शंभर टक्के अडतो तो फक्त साधा मार. आग, जादू, वीज, पवित्र तेज यांचा काही भाग ढालीतून आत येतोच.

पाचवी गोष्ट, ताईत. हो, खेळात टॅलिस्मन असतात, म्हणजे ताईतच. हिरव्या कासवाचा ताईत घातला की दम लवकर भरतो. या बिल्डला तो हवाच. दुसरा एक भाल्याचा ताईत आहे. समोरचा स्वतः वार करत असताना त्याला टोचलं तर जास्त लागतं, ते त्याने आणखी वाढतं. ढालीआडून टोचणाऱ्याला याहून सोयीचं काय?

आणि एक बारीक खुबी. ढालीला स्वतःचं एक 'स्किल' असतं, त्यामुळे उजव्या हातातल्या भाल्याचं स्किल वापरता येत नाही. ढालीवर 'नो स्किल' नावाची राख चढवायची, मग भाल्याचं चालू होतं. हे मी शोधलं. लेकाने "ओ, नाइस" म्हटलं. त्या "नाइस"मध्ये दोन वर्षांत पहिल्यांदा "फाइन"पेक्षा काहीतरी जास्त होतं.

मग मार्गिट आला. स्टॉर्मव्हील किल्ल्याच्या वाटेवर उभा असणारा पहिला मोठा बॉस. हा भल्याभल्यांना रडवतो, कारण तो काठी उगारतो आणि मारतच नाही. थांबतो. कोलांटी मारणारे घाबरून आधीच लोळतात, मग तो सावकाश हाणतो. पण ढालवालीला काय फरक पडतो? मार बाबा, तुला वाटेल तेव्हा मार. मी इथेच आहे.

तरी मी अकरा वेळा मेले, कारण त्याचा तो तेजाचा हातोडा ढालीतून लागतो. बाराव्या वेळी लेक माझ्या बाजूला गुडघ्यावर बसून ओरडत होता. आणि एक गंमत झाली. इंग्रजीत तो "डोन्ट रोल यट" म्हणेपर्यंत माझं होऊन जायचं. म्हणून त्याच्या नकळत तो मराठीत आला. "थांब! थांब! टोच! दम बघ! सोड, सोड! आता टोच!" एकेक शब्द. हा मुलगा आजीशी फोनवर इंग्रजीत बोलणारा. कुठे होते हे शब्द त्याच्याकडे? मी पाच वर्षं शनिवारी घरी बाराखडी घेऊन बसले, ते तिथे नव्हते. हे माझ्या स्वयंपाकघरातले शब्द होते. दूध उतू जाताना ओरडलेले, रस्ता ओलांडताना ओरडलेले.

मार्गिट पडला. आम्ही दोघं इतके किंचाळलो की नवरा खालून धावत आला.

आता खरी गोष्ट सांगते. वरचं सगळं त्यासाठी होतं.

डिसेंबरमध्ये इथे चार वाजता अंधार होतो. एका रविवारी मी खेळत होते, तो शेजारी फोन बघत होता. मी सहज विचारलं, "तू रात्री अकराला पण खेळत असतोस, तेव्हा कुठे पोचला असतोस?" तो म्हणाला, "कुठे नाही. मी हेल्प करतो."

या खेळात जमिनीवर आपली एक सोनेरी खूण ठेवता येते. जगात कुठेतरी कोणीतरी एखाद्या बॉसपाशी अडकलेला असतो, तो ती खूण दाबतो आणि तुम्ही त्याच्या जगात जाऊन त्याच्या बाजूने लढता. खेळात लिहून बोलायची सोय नाही, फक्त हातवारे. बॉस पडला की दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करतात आणि तुम्ही आपल्या जगात परत. तो माणूस कोण, कुठला, कधीच कळत नाही. माझं पोरगं रोज रात्री हे करत होतं. आणि मी खालून ओरडत होते की वेळ वाया घालवतोय.

हिदेताका मियाझाकी हे या खेळाचे दिग्दर्शक. त्यांनी या कल्पनेचं मूळ एका मुलाखतीत सांगितलंय. बर्फ पडल्यावर एका चढावर त्यांची गाडी घसरायला लागली. मागची गाडीही अडकली. तेव्हा त्याच्या मागच्या गाडीने आपण होऊन पुढच्या गाडीला ढकलायला सुरुवात केली आणि तसं करत करत सगळे वर पोचले. पण थांबून आभार मानावेत तर परत अडकण्याची भीती. ती माणसं पुन्हा भेटली नाहीत. तेच त्यांनी २००९ च्या 'डीमन्स सोल्स'पासून आपल्या खेळांत आणलं. परदेशात पहिल्या वर्षी आपल्याला असंच कोणी कोणी ढकललेलं असतं ना? दुबईत आमच्या मजल्यावरच्या एका मल्याळी काकूंनी मला गॅस कुठे लावायचा ते दाखवलं होतं. नंतर त्या गेल्या, पत्ता राहिला नाही.

तर मी लेकाला विचारलं, "मग शाळेत पण अशीच कोणाला हेल्प करतोस का?" मी गंमतीत विचारलं होतं.

तो फोनवरून वर न बघता म्हणाला, "शाळेत कोणी नाहीये, आई."

मग म्हणाला, मी दिलेला पोळीचा रोल तो संगीताच्या खोलीबाहेरच्या जिन्यावर बसून खातो, कारण लायब्ररीत खाऊ देत नाहीत. खाऊन झालं की लायब्ररीत जातो. रोज. सव्वा वर्षं.

माझ्या पोटात खड्डा पडला. तोंडात सगळं तयार होतं. तू स्वतःहून बोलत का नाहीस कोणाशी, क्रिकेटला जा म्हटलं होतं, मी उद्याच शाळेत फोन करते, बाबांना सांगू का. सगळं ओठांवर आलं होतं. पडद्यावर माझ्या पात्राने ढाल वर धरलेली होती आणि एक सैनिक तिच्यावर मारत होता. मी फक्त "हं" म्हटलं. आणि थोड्या वेळाने, "मग?"

तो बोलत राहिला. चाळीस मिनिटं. आम्ही दोघंही टीव्हीकडे बघत होतो. एकमेकांकडे बघत असतो तर तो बोलला नसता आणि मी रडले असते. मी मधल्या मधे बारीक बारीक विचारत होते, एका वेळी एक. जेवायच्या टेबलावर मी दोन वर्षं त्याच्यावर तलवार घेऊन धावत होते, "काय झालं, सांग ना, बोल ना", आणि तो प्रत्येक वेळी लोळून निसटत होता. त्यात तो माझ्यापेक्षा कितीतरी चपळ.

आता तुम्हाला वाटेल, वा, छान, ढाल धरा आणि सगळं नीट होतं. थांबा. तसं असतं तर मीही पोस्ट इथेच संपवली असती.

एप्रिलपासून परीक्षेसाठी खेळ बंद होता. जूनअखेर परत सुरू केला आणि जुलैत माझी ढालवाली मेलेनियापाशी पोचली. खेळातली बहुधा सगळ्यात अवघड लढाई, आणि तिथे गेलंच पाहिजे अशी सक्तीही नाही. पण लेक म्हणाला, चल. तिची खोड अशी, की तिचा वार तुम्हाला लागला की तिचा जीव भरतो. आणि तो वार ढालीवर झेलला तरी भरतो! माझा सगळा संसार ढालीवर. मी व्यवस्थित झेलतेय, एक टिपूस रक्त जात नाहीये, आणि समोरची टुणटुणीत होत चाललीय. असं तासभर चाललं.

त्याच रात्री, कंट्रोलर बाजूला ठेवल्यावर, मी विचारलं, "दुबई सोडली म्हणून राग आहे का तुझा माझ्यावर?"

तो म्हणाला, "हो."

इतकं सरळ. आणि मी सुरू झाले. अरे, बाबांची नोकरी तिथे राहिली नसती. तिथे आपल्याला कायमचं राहता येत नाही. तुझ्या कॉलेजचा विचार केला. आम्हाला काय मजा आली का, माझी पण नोकरी सुटली. एकूण एक खरं होतं. आणि प्रत्येक वाक्याला त्याचा चेहरा आणखी घट्ट होत होता. शेवटी तो म्हणाला, "आई, तू ढाल धरलीयेस."

मी थांबले.

"मी वार करत नाहीये," तो म्हणाला. मराठीत म्हणाला. "मी फक्त सांगतोय."

बराच वेळ गेला. मग मी म्हटलं, "चुकलं आमचं. आम्ही ठरवून तुला सांगितलं. तुला विचारलं नाही." ढाल खाली घेतल्यावर लागतं, मंडळी. फार लागतं. तो रडला, मी रडले. मग त्याने त्याच्या तिथल्या मित्रांबद्दल सांगितलं, विमानतळावर कोण आलं होतं, कोण आलं नव्हतं. मला यातलं काहीही माहीत नव्हतं.

सगळं काही बदललं असं सांगून तुमची फसवणूक करणार नाही. जिन्यावरचा डबा काही एका रात्रीत सुटला नाही. शाळेत बोलू का, असं मी त्याला विचारलं. तो आधी नको म्हणाला, दोन आठवड्यांनी हो म्हणाला, मग बोललो. आता सप्टेंबरपासून तो सिक्स्थ फॉर्मला दुसरीकडे जातोय. गणिताच्या ओळखवर्गात एक मुलगा भेटला, तोही हाच खेळ खेळतो. लेकाने त्याला सांगितलं की माझ्या आईने मार्गिटला शील्ड पोकने पाडला. तो म्हणे विश्वासच ठेवेना. लेकाने घरी येऊन मला हे सांगितलं, जिना चढता चढता, मी न विचारता. निकालही बरा लागला, पण तो गेममुळे लागला असा दावा मी करणार नाही, बहीण वाचतेय.

मेलेनिया अजून उभी आहे. लेक म्हणतो अंक बदलून घे, तशी सोय आहे खेळात, दुसरा बिल्ड कर. बघू. अर्धी ढाल आणि अर्धी कोलांटी असं काहीतरी शिकतेय. सेहेचाळीसाव्या वर्षी लोळायला शिकतेय म्हणा ना.

तुम्ही सगळ्यांनी गेम खेळा असं माझं म्हणणं नाही. सोळाचा शिक्का आहे तो पाळा, मारामारी खरीच भयंकर आहे. शाळेच्या दिवशी साडेनऊनंतर आमच्याकडेही बंद. मुलगी चित्रं काढत असेल तर तिथे बसा, मुलगा गाड्यांचे व्हिडिओ बघत असेल तर तिथे. फक्त शिकवायला बसू नका, शिकायला बसा. आणि कंटाळवाणं दिसलं तरी चालेल.

आणि जाता जाता एक व्यवहारातली गोष्ट. या खेळात ठरावीक ठिकाणी 'ग्रेस' नावाच्या सोनेरी ज्योती असतात. तिथे बसलं की काहीच गमावत नाही. आता मी खालून "पाच मिनिटांत खाली ये" असं ओरडत नाही. मी विचारते, "ग्रेस किती लांब आहे रे?"

वरून आवाज येतो, "एक पूल आणि दोन कुत्रे!"

मग मी तेवढ्यात आणखी एक भाकरी थापून घेते.